जोसायाचा निळा मग

आमच्या कबरस्तानात कचरा नसतो. हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण त्या रविवारी आमच्या पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, आणि मी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गोऱ्यांचं चर्च, आमचं काळ्यांचं चर्च, ज्यू धर्मगुरू रॅबाय मिरियमचं सिनेगॉग आणि मशिदीतली मंडळी, असं मिळून आमचं एक मंडळ आहे. काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून. गेल्या मार्चमध्ये माझा मुलगा जोसाया हायवेच्या कडेने पायी घरी येत होता. कुणीतरी त्याला गाडीखाली चिरडून पळालं. कोण, ते अजून सापडलेलं नाही. त्यानंतरच हे मंडळ निघालं. अध्यक्ष आहे गोऱ्यांच्या चर्चमधली लोरेन हटो. बाई कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही. दर बैठकीला स्वतः केक करून आणते आणि मी दुसरा तुकडा घेईपर्यंत जीव खाते.

त्या रविवारी मंडळाने आमचं कबरस्तान साफ करायला घेतलं होतं. हातमोजे काढत लोरेन हसत माझ्याकडे आली. "मिस अर्डेला, बघा तरी! काय कचरा साठला होता हो! फुटके कप, औषधाच्या बाटल्या, बंद घड्याळं. एकवीस पिशव्या निघाल्या!"



"कचरा नव्हता तो, बाई. माणसाने शेवटचं जे हाताळलं, ते आम्ही त्याच्या कबरीवर ठेवतो. फोडून ठेवतो. नाहीतर त्याला चैन पडत नाही, तो उठून निघतो."

मिरियम तिथेच गवतात बसली. "आम्ही कबरीवर खडे ठेवतो," ती म्हणाली. "मी तरी विचारायला हवं होतं."

रविवारी कचरा डेपो बंद असतो, हे नशीब. पिशव्या लोरेनच्या ट्रकमध्येच होत्या. सगळं एका चादरीवर ओतलं. पण कुठलं कुणाचं? अर्ध्या कबरींवर नावंही नाहीत.

मिरियमने मला दाखवायला एक तुटका कंगवा उचलला आणि ती चालायलाच लागली. थेट ओकच्या झाडाखाली जाऊन थांबली. "मी नाही आले इथे," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "मला आणलं." ती माझ्या आत्याची कबर होती, आणि कंगवाही तिचाच.

मग एकेकाने एकेक वस्तू उचलली. भर दुपारी तीनच्या उन्हात ही वेगवेगळ्या देवांची माणसं हातात बाटल्या-बशा घेऊन मुकाट चालत होती, आणि त्यांचे पाय जिथे थांबत तिथे ती वस्तू ठेवत होती. कुणीही चुकलं नाही. शेजारच्या दलदलीतले पक्षीही गप्प झाले होते. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

शेवटी निळा मग उरला. तो मी केव्हाच ओळखला होता, पण हात लावायचा धीर होत नव्हता. जोसायाला त्याच्या जागी शांत पडू दे, एवढंच मला हवं होतं.

"हा मी नेते," लोरेन म्हणाली. "चूक माझी आहे."

त्याची कबर दहा पावलांवर. लोरेन तिच्याजवळून पुढे गेली.

"अगं, कबर मागे राहिली!"

"दिसतेय मला. पाय थांबत नाहीत!"

ती फाटकाबाहेर पडली. मी मागे. रस्ता फुटतो तिथून डावीकडे माझं घर. ये रे जोसाया, मी मनात म्हटलं, घरी ये. लोरेन उजवीकडे वळली.

"कुठे नेतेस त्याला?" मी ओरडले.

ती रडत होती आणि चालत होती. स्वतःच्या अंगणातून, फुलांचे वाफे तुडवत, ती गॅरेजच्या बंद दारापाशी जाऊन थांबली.

"वेडची गाडी आहे आत," ती पुटपुटली. वेड म्हणजे तिचा मुलगा. "मार्चपासून झाकून ठेवलीय. हरीण आडवं आलं म्हणाला. मी पुढे विचारलंच नाही."

वरच्या खिडकीचा पडदा हलला.

तिने तो निळा मग माझ्यापुढे धरला. "घ्या ना, मिस अर्डेला. माझ्या हातातून सुटत नाहीये. घ्या हो!"

मी हात पुढे केला नाही.

"दार उघड, लोरेन," मी म्हटलं.