कनेलाच्या दोन थापा

पैज विसोनंच लावली. याउको गावच्या चौकात, डॉमिनोच्या टेबलावर सोंगटी आपटून तो म्हणाला, "नेरेइदाला काही झालेलं नाही. घोडीसारखी ठणठणीत आहे. कुत्री मिरवायची हौस, बस्स!"

"हरलास तर?" सोबत खेळणाऱ्या गीननं विचारलं.

"तिच्या कुत्रीचं, कनेलाचं जाकीट घालून चौकाला फेरी. चार पायांवर, भुंकत!"

जिंकायची घाई एवढी, की पाववाल्या बेनिग्नोला त्यानं आधीच फितवून ठेवलं. "उद्या तिला सोडू नकोस. आजार कोणता ते विचारत राहा, तिला सांगताच येणार नाही."

सकाळी नेरेइदा दुकानात शिरली आणि बेनिग्नोनं कनेलाच्या तोंडावर काचेचं दार लावलं. विसो कॉफीच्या कपाआडून मजा बघत होता.

"तिला आत घे. कामाची कुत्री आहे."

"तुला आजार काय?"

"ते तू विचारायचं नाहीस. कायद्यानं दोनच प्रश्न. आजारासाठीची कुत्री आहे का? आहे. तिला काम काय शिकवलंय? माझी तब्येत बिघडायच्या आधी मला सांगते."

"म्हणजे ज्योतिषी! कागद दाखव."

"कागद लागत नाही."

"मग आजार सांग. परवा लग्नात तर नाचत होतीस!"

रांगेतले हसले. विसोही हसला. बाहेर कनेला काचेवर पंजा मारू लागली.

"बघा, पावाचा वास लागला!" बेनिग्नो म्हणाला.

दोन थापा. थांबली. पुन्हा दोन.

विसोचं हसू ओठावरच राहिलं. डॉमिनोच्या टेबलाखाली तो हेच बघायचा. कनेला नेरेइदाच्या गुडघ्यावर दोनदा पंजा मारायची, आणि नेरेइदा कुत्रीच्या जाकिटाच्या खिशातून साखरेची गोळी काढून तोंडात टाकायची. स्वतःच्या तोंडात. कुत्रीच्या कधीच नाही. आणि दोन वर्षं हा म्हणत आला, कुत्री खादाड आहे!

गोळ्या जाकिटात. जाकीट दाराबाहेर.

नेरेइदानं गल्ल्याची कड घट्ट धरली होती. कपाळावरून घाम निथळत होता.

"दोनच..." ती पुटपुटली.

"दोन पाव?" बेनिग्नो खिदळला. "सकाळी सकाळी रम लावलीस का गं?"

"दार उघड, गाढवा!" विसो ओरडला.

"अरे, तूच तर सांगितलंस..."

विसोनं त्याला ढकललं आणि दार उघडलं. तोवर नेरेइदा जमिनीवर बसली होती. कनेला तिला जाऊन चिकटली. विसोच्या बोटांना खिशाची चेन सापडेना. दातांनी ओढली. एक गोळी. दुसरी.

"चघळ गं. चघळ, माझे आई."

ती त्याच्याकडे बघत होती, पण ओळख नव्हती. कनेला तिला सोडून जागची हलत नव्हती.

कितीतरी वेळानं नेरेइदाचा आवाज आला. "विसो, तुझी बोटं माझ्या तोंडातून काढ. कांद्याचा वास येतोय."

रविवारी चर्च सुटलं, चौक भरला, आणि विसो गुडघ्यांवर उतरला. लाल जाकीट पोटाशी अडलं होतं. दोरी नेरेइदाच्या हातात.

"भू."

"ऐकू येत नाही!" गीन ओरडला.

पाद्रीबाबा थबकले. "अरे देवा, याला झालंय तरी काय?"

"ते विचारायचं नसतं, फादर," नेरेइदा म्हणाली.

"बरं. मग याला काम काय शिकवलंय?"

नेरेइदानं दोरीला हिसका दिला. "सांग."

"दार उघडायचं," विसो धापा टाकत म्हणाला, आणि बेनिग्नोच्या दुकानाकडे तोंड करून दोनदा भुंकला.