टायरचे दात

हेमकांतच्या गाडीत पाचशे दहा घोडे होते, असं तो सगळ्यांना सांगायचा. मोतीआप्पांना त्यातला एकही अजून दिसला नव्हता.

आप्पा त्याचे वडील. सारंगखेड्याच्या यात्रेत चाळीस वर्षं घोडा घेणारा माणूस आधी मोतीआप्पांना शोधायचा आणि मग घोडा. ते जनावराभोवती एक चक्कर मारत, अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे बघत, खूर उचलत, जबडा उघडून दातांवरून वय ओळखत. त्यांनी नुसती मान हलवली की ठरत आलेला सौदा मोडायचा. पण गेल्या वर्षी हेमकांतने सुरतेहून ती निळी, मागे पंख लावलेली गाडी जुन्यात उचलली, आणि तेव्हापासून घरातले सगळे प्रश्न त्याच्या मोबाइलला विचारले जाऊ लागले. केळीला पाणी कधी सोडायचं, हेसुद्धा. आप्पांना कुणी काही विचारेनासं झालं आणि ते त्यांना फार लागलं होतं. आपल्या पोराने आपल्याला एकदा तरी काही विचारावं, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

त्या दिवशी ते शहाद्याला टायरच्या दुकानात गेले तेही सल्लागार म्हणून नव्हे. नवे टायर म्हणजे गाडीला नवे पाय, पूजा झाल्याशिवाय रस्त्यावर उतरायचे नाहीत, असं हेमकांतच्या आईने, वत्सलाबाईंनी, बजावलं होतं, आणि नारळ-लिंबं घेऊन जाणारा माणूस घरात रिकामा एवढाच होता.

दुकान इद्रिसचं निघालं. ते पाहताच आप्पांचा पाय अडखळला. तीस-पस्तीस वर्षं ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं तरी ते दोंडाईचाला नेत, पण या दुकानाची पायरी चढत नसत. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं. या बाबतीत कुणी विचारत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं.

"या आप्पा, बसा," इद्रिसने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्या आवाजात जुनंपुराणं काही नव्हतं.

भिंतीला चार-चार टायरांचे दोन जोड टेकवले होते. एक इद्रिसने मागवलेला, खोल खाचांचा, पावसापाण्यात रस्ता धरणारा. दुसरा हेमकांतने मुंबईच्या कुठल्याशा विक्रेत्याकडून आणलेला, जवळजवळ गुळगुळीत, मऊ रबराचा. तापला की डांबराला चिकटतो, म्हणून वेगाच्या गाड्यांना लावतात. परवा गाडी ट्रकवर चढून कोइमतूरला जाणार होती. तिथल्या ट्रॅकवर हेमकांतने एक दिवस नोंदवला होता, दोनशेच्या वेगाने वळणं घ्यायची होती, आणि घरी येऊन त्याच टायरांवर सारंगखेड्याच्या पुलावरून मिरवायचंही होतं.

"दोन्ही कामांना एकच जोड म्हटला की कुठलं तरी काम बिघडतं, भाऊ," इद्रिस म्हणाला.

यावर हेमकांतने त्याला वीस मिनिटं रबराचं शास्त्र ऐकवलं. इद्रिसने तीस वर्षांत हजारो टायर चढवले-उतरवले होते, पण मोबाइलवरची चित्रफीत एकही पाहिली नव्हती, त्यामुळे तो ऐकत राहिला. गिऱ्हाईक आपला माल घेऊन आलं की आपण तो बसवायचा, असा त्याचा शिरस्ता होता. त्याने गुळगुळीत जोड पुढे ओढला.

आप्पांना राहवलं नाही. ते उठले आणि टायरभोवती चक्कर मारू लागले.

"हाऊ लाल ठिपका कसाना शे?" त्यांनी विचारलं. "चांगला नही. मालकले पाडी."

हेमकांतने कपाळाला हात लावला. "आप्पा, तो कंपनीचा ठिपका शे. घोडाना भोवरा नही."

"आनि याले खाचा नहीत. झिजी गयेल शे."

"तो असाच ऱ्हास, आप्पा."

शेजारचा चहावाला हसला. हेमकांतचे कान लाल झाले. आप्पांची दोन्ही निदानं साफ चुकली होती, आणि शहाणा माणूस इथे थांबला असता. पण चाळीस वर्षांची सवय. त्यांनी टायरवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि अंगठा उन्हात धरला. तो काळा झाला होता.

"ह्याले कोनी तरी तेल चोपडेल शे," ते हळूच म्हणाले.

"पॉलिश शे ते," इद्रिस म्हणाला.

"नवा जनावरले तेल कोन चोपडस, इद्रिस? याना दात दखाड. वय कितलं शे?"

हेमकांत हसणार होता, पण इद्रिस हसला नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इद्रिस ते शोधू लागला. नेमक्या त्या जागी चारही टायरांवर किमतीचं लेबल चिकटवलेलं होतं. त्याने नखाने ते खरवडलं. एकतीस, सतरा.

"दोन हजार सतराना," तो म्हणाला. "आठ वरीसना शे, भाऊ. वरथून चकचकीत, आतून रबर कडक. वळनवर गाडी धरती नही."

हेमकांत चारही आकडे चारही टायरांवर वाचून आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने चाळीस चित्रफिती पाहिल्या होत्या आणि त्यातल्या कुणी लेबलखाली बघायला सांगितलं नव्हतं.

"इद्रिसभाऊ, तुमनाच जोड बसाडा," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "आप्पा, तुम्हले कसं समजनं?"

हाच तो प्रश्न. वर्षभर आप्पा त्याची वाट बघत होते आणि तो आला तो नेमका या दुकानात.

कारण त्यांना समजलं होतं ते एका घोडीमुळे. पस्तीस वर्षांपूर्वी यात्रेत त्यांनी एका म्हाताऱ्या घोडीचे दात कोरून, तापल्या सळईने काळे करून, अंगाला तेल चोळून ती पाच वर्षांची म्हणून विकली होती. घेणारा शहाद्याचा टांगेवाला, इद्रिसचा बाप. सहा महिन्यांत घोडी प्रकाशा गावाच्या वाटेवर बसली ती उठली नाही. टांगा गेला, आणि इद्रिस शाळा सोडून पंक्चर काढायला लागला. आप्पांना त्या व्यवहाराची लाज वाटत असे, पण ती त्यांनी दोंडाईचाला नेऊन ठेवली होती.

"नजर शे," एवढंच ते बोलले.

हेमकांत आता विक्रेत्यावर तापला होता. "मी मरी गयथू तर? असा मानूसनं काय कराले जोयजे, इद्रिसभाऊ?"

इद्रिस खाली बसून चाकाचे नट आवळत होता. एक पुरा आवळून त्याने दुसऱ्याला पाना लावला.

"काहीच नही," तो म्हणाला. "त्याना पोऱ्यानी गाडीले चांगला टायर लाई देवाना."

कुणाच्या मुलाच्या गाडीला, हे न कळून हेमकांत गोंधळला. "कोना पोऱ्यानी?"

इद्रिसने मान वर केली नाही. तो सांगणार नव्हता, हे आप्पांना दिसत होतं. पस्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, आजही नाही. मान मिळाला होता, तो तसाच घरी नेता आला असता.

"मन्हा पोऱ्यानी," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी नारळ इद्रिसपुढे ठेवला, खुर्चीवर बसले आणि पोराला त्या घोडीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.