पाचवा 'का?'

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता एका दमात लिहितोय, थांबलो तर परत पुसेन.

आमच्या कारखान्यात पंपाच्या पिना बनतात. करंगळीएवढ्या, गुळगुळीत. मी तपासणीच्या टेबलावर. मायक्रोमीटरनं जाडी मोजायची, चांगली पीन हिरव्या पेटीत, वाईट लाल पेटीत. तीन वर्षं हेच. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. मला सगळे 'घार' म्हणतात. पाहुणे आले की फोरमन त्यांना माझ्या टेबलापाशी आणायचा. "ह्याच्या नजरेतून काही सुटत नाही." तेवढ्यावर माझा आठवडा छान जायचा.

समोर पिना कातायच्या लेथवर माझा मित्र. त्याला 'का?' विचारायची खोड. पीन वाकडी आली, का? पट्टा सैल होता, का? म्हणून मीच त्याचं नाव 'काका' पाडलं. चोवीस वर्षांचा काका. सगळे हसले, तोही हसला. नाव चिकटलं.

मग त्याला कुठूनतरी एक जुनं पुस्तक मिळालं. डबा खाताना सुरू. "शंभर वर्षांपूर्वी टेलिफोनच्या कारखान्यातल्या एका माणसानं साधा तक्ता काढला रे. पुढे युद्धात बेचिराख झालेल्या एका देशानं ती विद्या उचलली, मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यात घेतलं. माल शेवटी तपासून चांगला होत नाही, करतानाच चांगला करायचा असतो."

"मग मी काय इथं माशा मारतो?"

"तसं नाही रे घारे."

तसंच होतं.

फोरमननं त्याला महिनाभर करून बघायला दिलं. दर तासाला पाच पिना मोजायच्या, सरासरीचा ठिपका तक्त्यावर द्यायचा. वर एक रेष, खाली एक रेष. ठिपका मध्ये असेल तर मशीनला उगाच हात लावायचा नाही, बाहेर गेला तर मशीन थांबवून कारण शोधायचं. आठवड्याभरात माझी लाल पेटी रिकामी. पाहुणे आता तक्त्यापुढे उभे राहायला लागले. त्याच्या ठिपक्यांकडे बघत हो हो करायचे. माझ्याकडे कुणाची पाठ, कुणाचा खांदा.

घरी ताईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "तू चुका शोधतोस, तो चुका संपवतोय. उद्या काय शोधणार तू? नोकरी?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो. त्या दिवशी जेवलो नाही.

दुसऱ्या सोमवारी माझ्या हातून मायक्रोमीटर पडलं. उचलून बंद केलं तर शून्यावर येईना, मिलिमीटरचे दोन शतांश जास्त दाखवायला लागलं. लगेच सांगायला हवं होतं. पण मागे एकाच्या हातून असंच पडलं, तेव्हा फोरमननं त्याला सगळ्यांसमोर धुतला होता. मी बाहीला पुसलं, इकडे तिकडे बघितलं आणि मोजत राहिलो.

दुपारपर्यंत लाल पेटी अर्धी भरली.

फोरमन आला. "काय रे काका, ठिपके गोड आणि पिना कडू?" काकाचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, मला मस्त वाटलं. दहा दिवस मस्त वाटलं. मग फोरमननं जाहीर केलं, शनिवारपर्यंत पेटी अशीच भरत राहिली तर तक्ता खाली आणि काका लेथ सोडून कडा घासायच्या टेबलावर.

आज शुक्रवार. पाळी सुटल्यावर काका माझ्या टेबलाशी आला. हातात हत्यारखोलीतलं दुसरं मायक्रोमीटर.

"लाल पेटीतल्या चाळीस पिना मोजल्या. अडतीस चांगल्या निघाल्या. का?"

"माझं दोन शतांश जास्त दाखवतं."

"का?"

"पडलं."

"मग कुणाच्याच लक्षात का नाही आलं?"

"रोज सकाळी शून्य तपासायची पद्धत कुठंय आपल्याकडे?"

"हं. त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"घाबरलो. तो धुतो."

तो एका कागदावर लिहीत होता. अक्षर सुबक. एवढं सगळं होत असताना मला त्या अक्षराचाही हेवा वाटला.

"आणि पुढचे दहा दिवस? का?"

मी टेबलावरच्या पिना गोळा करायला लागलो.

"हिरव्या पेटीत सहा बारीक पिना सापडल्या," तो म्हणाला. "तुझ्या मापात बरोबर दिसल्या असतील. कुणाच्या तरी पंपात खडखडल्या असत्या." मग कागद माझ्यापुढे सरकवला. "पद्धत नाही, भीती आहे, ही कारखान्याची दुखणी. ती मी लिहिली. पाचवी ओळ तुझी. मी भरणार नाही आणि अर्धा कागद तक्त्याखाली लावणार नाही."

"उद्या तक्ता उतरेल ना मग."

"उतरू दे." आणि गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

कागद आता माझ्यासमोर आहे. ताई डोकावून गेली, "काय रे, प्रेमपत्र?" मी कागद झाकला नाही. तिनं वाचला. हसली नाही. पेन आणून दिलं.

आत्ताच त्याला मेसेज टाकला:

"काका, पाचवी ओळ भरली. 'तुझा तक्ता बघून माझ्या पोटात दुखत होतं.' अजूनही थोडं दुखतंय. उद्या फोरमनच्या आधी पोचतो, तक्त्याखाली कागद मीच चिकटवतो, आणि त्या दहा दिवसांतल्या जेवढ्या हिरव्या पेट्या अजून गोदामात आहेत तेवढ्या परत मोजतो. शब्द देतो."