चकचकीत फळ्या

कॅनडातल्या थंडर बेच्या जानेवारीत घर रिकामं ठेवणं म्हणजे जिवाला घोर. पाइप गोठतात, फुटतात आणि मग विमावाले विचारतात, रोज कुणी येऊन बघत होतं का? म्हणून शाळेची बस आगारात लावली की मी आधी आईच्या घरी जायची, नळ सोडून बघायची, घर तापवणारी तळघरातली भट्टी चालू आहे ना ते ऐकायची आणि तशीच ओल्या बुटांनी आईच्या वृद्धाश्रमात धडकायची. आई रोज एकच विचारायची, "घर कसं आहे?" मी म्हणायची, "झकास. बर्फ वितळला की जायचंच आहे तुला." बोलताना मी हातमोजे काढत राहायची, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

घर विकायला काढलं होतं. दारातल्या पायऱ्यांवर घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जिने आता विसरा. आमच्या घरात जिन्यांशिवाय आहेच काय? दारात पायऱ्या, न्हाणीघर माडीवर, वाफेच्या आंघोळीची खोली, म्हणजे सौना, तळघरात. कारभाराच्या कागदांवर आईनंच पूर्वी माझं नाव घातलं होतं, त्यामुळे सही माझी चालायची. भाऊ कॅल्गरीतून फोनवर म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते कर, राइली." म्हणजे वाईटपणा तू घे, मी हो म्हणतो.

एजंट डार्लीन, बाई कामाची. "हल्ली लोक आधी फोनवर घर फिरून येतात हो," ती म्हणाली. "व्हिडिओ आवडला नाही तर पायात बूटसुद्धा घालत नाहीत." तिनं आईचं सामान गुदामात हलवलं, भिंती पांढऱ्याफेक केल्या, भाड्याचे सोफे आणले आणि ड्रोनवाला बोलावला. मी बसवर होते, शूटिंग बघितलं नाही. व्हिडिओ आला तो मी आगारात उभ्याउभ्या पाहिला. कॅमेरा छपरावरून तरंगत खाली येतो, दारातून आत शिरतो, जिना चढतो. धाप नाही, पावलांचा आवाज नाही. घर इतकं देखणं दिसत होतं की मला रागच आला. पुरता न बघताच बंद केला.

आणि एक गोष्ट मी साफ विसरले. वृद्धाश्रमात संध्याकाळच्या कॉफीनंतर मोठ्या टीव्हीवर गावातली विकाऊ घरं बघायचा कार्यक्रम असतो. घेणार कुणी नाही, नावं ठेवणारे सगळे. रिमोट आईच्या शेजारच्या खोलीतल्या तोइनीमावशीच्या हातात. गुरुवारी मी दार ढकलून आत आले, तर टीव्हीवर आमचं छप्पर.

"मावशी, बातम्या लावा ना," मी धावतच म्हणाले.

"बातम्यांत काय? बर्फ पडतोय म्हणतील. तो खिडकीतून दिसतोय. बस खाली."

मी बसले नाही. आईच्या खुर्चीमागे उभी राहिले. तिच्या हातात कॉफी, बशीत वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तसाच. कॅमेरा जिना चढला तेव्हा तोइनीमावशी म्हणाली, "बघा गं, कसा तुरूतुरू चढतोय. आपणही चढायचो." मग कॅमेरा तळघरात उतरला आणि सौनात शिरला. बाकांवर गुंडाळलेले टॉवेल आणि रांगेनं मेणबत्त्या.

"सौनात मेणबत्त्या!" सगळी खोली हसली. "कुणाचं हे डोकं? वितळून पाण्यात जातील की!"

मग हसणं थांबलं. बाकांच्या फळ्या चकचकत होत्या, नव्या गाडीसारख्या.

"वॉर्निश मारलंय," तोइनीमावशी हळूच म्हणाली. चर्चमध्ये कुणी शिवी द्यावी तसे सगळे गप्प झाले. आम्हा फिनिश लोकांकडे सौनाच्या फळ्या उघड्याच ठेवतात, नुसत्या पाण्यानं घासतात. शेगडीवरचे दगड तापले की वॉर्निश पाघळतं, उघड्या अंगाला चिकटतं, नाकात धूर जातो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी रोज नळ बघायला तळघरात जायची, पण सौनाचं दार कधी उघडलं नव्हतं. उघडवतच नव्हतं मला.

आईनं कॉफी खाली ठेवली. "छान घर आहे," ती म्हणाली. "राइली, माझं विक आणि मला हे घे."

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. सुटले रे बाबा! ओळखलं नाही तिनं. पांढऱ्या भिंती, परके सोफे, त्यात तिची नजर अधू.

"रविवारी बघायला खुलं आहे म्हणे," आई म्हणाली. "मला ने."

शुक्रवार, शनिवार माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसमध्ये मुलं काय ओरडत होती कुणास ठाऊक, एक थांबा तर मी चुकवलाच. डार्लीनला फोन केला, रविवारचं रद्द कर. ती म्हणाली, "वेड लागलंय का? विनिपेगहून माणसं निघालीयत!" शेवटी मीच एक अक्कल लढवली. दोन गल्ल्या सोडून आणखी एक घर रविवारी खुलं होतं. आईला तिथे न्यायचं. तिला काय कळतंय?

रविवारी तिला गाडीत बसवली, वॉकर मागे टाकला आणि चौकात उजवीकडे वळायचा दिवा लावला.

"डावीकडे," आई म्हणाली.

"अगं, ते घर इकडे..."

"राइली, चाळीस वर्षं राहिले मी त्या घरात. चुना फासला म्हणून मला माझी खिडकी ओळखू येणार नाही? डावीकडे वळ."

मी वळले. रस्त्यावरच नजर ठेवून म्हणाले, "मग गुरुवारी बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का बघत होते."

दारातल्या पायऱ्या आम्ही कशाबशा चढलो, ती कठड्याला धरून आणि मी तिला धरून. डार्लीननं आईला कधी पाहिलंच नव्हतं; मी ओळखीचं कुणी गिऱ्हाईक आणलंय, असं तिला वाटलं. "या, या! बूट इथे काढा हं," ती हसून म्हणाली. आईनं स्वतःच्या घरात, परक्यांच्या बुटांच्या रांगेत बूट काढून ठेवले.

"का विकतायत?" आईनं विचारलं.

मी डार्लीनला डोळ्यांनी खुणावत होते, पण ती आईकडेच बघत होती. "मालकीणबाई वयस्कर आहेत. आता परत येणार नाहीत. घरच्यांनीच सांगितलं."

"असं का? आणि मालकिणीला सांगितलंय का घरच्यांनी?"

"ते त्यांचं त्यांना माहीत," डार्लीन हसली आणि दुसऱ्या लोकांकडे वळली. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आई वॉकर ढकलत सरळ तळघराच्या दाराशी गेली. वॉकर सोडला, चौकटीला धरून वरच्या पायरीवर बसली आणि ढुंगणावर एकेक पायरी घसरत खाली उतरायला लागली.

"आई, काय चालवलंयस! लोक बघतायत!"

"बघू देत. बघायलाच बोलावलंय ना तू त्यांना?"

खाली पोचली, भिंत धरून उठली, सौनात गेली. मेणबत्त्या एका हातानं बाजूला लोटल्या आणि खालच्या बाकावर बसली. मी दार लावलं आणि कोटासकट तिच्या शेजारी बसले. सौना गार होता, वॉर्निशचा वास भरला होता. आई नखानं फळी खरवडत राहिली.

"तुझ्या बापानं रंधा मारलेल्या फळ्या आहेत या."

"मला खरंच माहीत नव्हतं गं वॉर्निशचं."

"ते जाऊ दे. ते निघतं." ती खरवडायची थांबली. "त्या बाईला जे सांगितलंस ते मला सांग. तोंडानं सांग."

"आई, नको ना."

"सांग."

"तू परत येणार नाहीस," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "जिने चढवणार नाहीत तुला. डॉक्टर म्हणाले. मी रोज ठरवायची आज सांगीन, आणि तू विचारायचीस घर कसं आहे, आणि माझी हिंमतच व्हायची नाही. तू रडशील म्हणून."

"रडले असते. मग? रडू दिलं असतंस मला," आई म्हणाली. तिचे डोळेही भरले होते, पण आवाज कडक. "सगळ्यांसमोर टीव्हीवर बघायला लावलंस, तिथे कशी रडू?"

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

दार उघडलं. विनिपेगहून आलेलं तरुण जोडपं होतं, दोन म्हाताऱ्या बायका कोट घालून सौनात रडताना पाहून गडबडलं. "माफ करा हं," नवरा म्हणाला.

"या की," आई म्हणाली. "घेतलंत घर, तर सौना पेटवायच्या आधी या फळ्या तासून काढा. अगदी कोऱ्या लाकडापर्यंत. नाहीतर पाठ सोलून निघेल." त्यानं भक्तिभावानं मान हलवली.

मग ती जिन्याशी आली. मी हात पुढे केला तर झटकला. कठडा धरला, पाय उचलला, पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरा पाय वर येईना. तिनं पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या, कठडा करकरला, पाय जागचा हलला नाही. मी मागे उभी होते, दोन्ही हात पसरून. पुन्हा एकदा. मग तिनं कपाळ कठड्यावर टेकलं.

"धर मला," ती म्हणाली.

विनिपेगच्या त्या भल्या माणसानं आणि मी तिला एका खुर्चीत बसवून वर आणलं. त्या गडबडीत मी सारखी आई, आई करत होते, त्यावरून डार्लीनला काय ते कळलं. तिचा चेहरा उतरला. "मिसेस किवेला, मला खरंच माहीत नव्हतं. मी असं बोलायला नको होतं."

"चुकीचं काही बोलला नाहीत," आई म्हणाली. खुर्चीतूनच वाकून ती आपले बूट शोधत होती. "कुणी विचारलं तर तसंच सांगत जा. मालकीण परत येणार नाही. आणि हो, तिला सांगितलंय म्हणावं."