मी बद्द वाजलो

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पूल आहे. रानातल्या एका खोल ओढ्यावर, दोन दगडी खांबांवर भार टाकून मी उभा आहे. माझ्यावरून पूर्वी आगगाडी जायची. मग सायकली जायला लागल्या. गेल्या रविवारपासून त्याही बंद झाल्या आहेत. त्या का बंद झाल्या, ते सांगताना मला अवघड वाटते, पण लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

जाड पत्रे एकावर एक ठेवून, लालबुंद तापवलेले जाड खिळे, म्हणजे रिव्हेट, ठोकून मला जोडले. माझ्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या लोखंडी भिंती आहेत आणि त्यांच्या बुडाशी आडव्या तुळया जोडल्या आहेत. सगळा भार त्या जोडांवर. लाकडाचे ओंडके भरलेल्या मालगाड्या माझ्यावरून धडधडत जायच्या. मी थरथरायचो, पण वाकलो नाही. ही फुशारकी नव्हे. मला सांभाळणारी माणसे होती, एवढेच.

त्यांतला एक गँगमन दर आठवड्याला यायचा. गुडघे टेकून बसायचा, रिव्हेटच्या एका बाजूला बोटे ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडा मारायचा. रिव्हेट घट्ट असला तर आवाज खणखणीत यायचा. सैल असला तर मी बद्द वाजायचो आणि त्याच्या बोटांना हिसका जाणवायचा. मग तिथे खडूची रेघ पडे आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले हजर होत.

पुढे गाड्या बंद झाल्या. रूळ उपटून नेले. कित्येक वर्षे माझ्यावर फक्त वेली आणि खारी.

मग एकदा माणसे आली, वेली कापल्या, सपाट वाट केली आणि मला हिरवा रंग दिला. सायकली आल्या, चालणारी कुटुंबे आली. वाटेची देखरेख करायला जी बाई नेमली, ती त्या गँगमनचीच मुलगी. कामाला चोख. एक दिवस एका चिमुरडीच्या सायकलचे चाक माझ्या भिंतीजवळच्या भोकात अडकले. ती तोंडावर पडली, पुढचा दात तुटला, रक्त आले. देखरेखीच्या बाईने तिला स्वतः कडेवर घेतले. त्याच संध्याकाळी तिने ती सगळी भोके सिमेंटने बुजवून टाकली. लोकांनी तिचे कौतुक केले. मलाही बरे वाटले. त्या भोकांतून माझ्या अंगावरचे पाणी ओढ्यात जात असे, हे सांगायला मला तोंड कुठे होते?

दोन पावसाळे गेले. झाडांची पाने भिंतीच्या बुडाशी साचली, कुजली. पाणी तिथेच मुरायला लागले. वरून दर वर्षी रंगाचा हात फिरे. कचेरीतले साहेब आले, मला डोळे भरून पाहिले, म्हणाले, "नव्यासारखा ठेवलाय हो!" बाईने तपासणीच्या कागदावर सही केली. मी आतून पोखरला जात होतो.

तेव्हा तो गँगमन पुन्हा आला. आता म्हातारा, कानाने अधू. फिरायला म्हणून यायचा आणि सवयीने हातोडा काढायचा. तिसऱ्या जोडाशी त्याचा हात थांबला. जोड सैल झालाय, असे घरी जाऊन त्याने मुलीला सांगितले. तिने ते हसण्यावारी नेले. रविवारी दोनशे सायकलींची सहल निघणार होती, तिला मान वर करायला फुरसत नव्हती.

रविवारी सकाळी म्हातारा घडीची खुर्ची घेऊन आला आणि माझ्या सुरुवातीलाच वाटेच्या मधोमध बसला. पुढचे सायकलवाले आले.

"आजोबा, गाडी चुकली वाटतं? पन्नास वर्षं उशीर झाला!"

"बसतो हो," म्हातारा म्हणाला. "पुढची येईपर्यंत तुम्हीही बसा."

हशा पिकला. तेवढ्यात मुलगी धावत आली, चेहरा लाल.

"बाबा, उठा. लोक हसताहेत."

"हसू देत. हसण्यानं पूल पडत नाही."

"साहेबांनी तपासलाय. माझी सही आहे त्यावर."

"साहेबांनी डोळ्यांनी तपासला."

"आणि तुम्ही कानांनी? मी बेल वाजवून वाजवून बोट मोडून घेते, तुम्हाला ऐकू येत नाही. रिव्हेट बरा ऐकू येतो!"

"बेल कानानं ऐकतात, पोरी. रिव्हेट हातानं. बस खाली. ठेव बोटं."

ती रागारागाने बसली. त्याने आधी चांगल्या जोडावर हातोडा मारला. काही झाले नाही. मग तिसऱ्यावर मारला. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हलला," ती म्हणाली.

"आता रंग खरवड."

तिने किल्लीने खरवडले. हिरवा रंग सालीसारखा निघाला. आत गंजाचे पापुद्रे होते, ओले. त्यातून तपकिरी पाण्याचा ओघळ तिच्या मनगटावर आला. तिची नजर भिंतीच्या कडेने, सिमेंटच्या एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर फिरत गेली.

"ही भोकं मी बुजवली, बाबा."

"पोर पडली म्हणून बुजवलीस. तुझं काळीज चुकलं नाही. पाणी कुठं जाईल, एवढं विचारायचं राहिलं."

ती उठली आणि तिने वाटेवरचे फाटक लावले. सायकलवाले चिडले. एकजण म्हणाला, "बाई, इथून मालगाडी जायची! माझी सायकल दहा किलोची."

"मालगाडी जायची तेव्हा बाबा दर आठवड्याला यायचे," ती म्हणाली. "आम्ही दोन वर्षांत रंगाशिवाय काही केलं नाही."

नंतर मोजले तेव्हा माझे अकरापैकी सात जोड सैल निघाले. त्या दिवशी दोनशे सायकली माझ्यावर एकदम चढल्या असत्या तर? मित्रांनो, तो विचार मला झोपू देत नाही.

बाईने फाटकावर स्वतःच्या हाताने फळी लिहून लावली आहे: 'पूल बंद आहे. पाण्याची भोकं बुजवली, ती चूक माझी.' कचेरीतून निरोप आला, दुसरे वाक्य पुसून टाका. तिने पुसले नाही. तिची नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. माझी दुरुस्ती करतील की कापून भंगारात नेतील, तेही माहीत नाही.

तुमच्याही वाटेवर माझ्यासारखा कोणी असेल. त्याला रंग जरूर द्या, पण आधी त्याच्या अंगावरची पाने काढा आणि पाण्याला वाट ठेवा. आणि कोणी म्हातारा वाट अडवून बसलेला दिसला, तर सायकलवरून उतरा. तो दाखवील तिथे बोटे ठेवून बघा.