एका डोळ्याची दुर्बीण

वैजनाथराव पाठकांनी निवृत्तीनंतर हौसेनं पक्षी बघायची दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप, मागवली, तेव्हा अंबिकाबाईंनी खोक्यात डोकावून एवढंच विचारलं, "हिला एकच डोळा व्हय? दुसरा पुढच्या महिन्यात येणार का?"

दुर्बीण स्वस्तातली होती आणि ते लपवायचं तिनं मनावरही घेतलं नव्हतं. झूम पूर्ण फिरवला की सगळं धुरकट, पक्ष्याला जांभळी किनार, आणि जरा वारा सुटला की तिपाई लटपटायची. खालच्या मजल्यावरच्या तौफिकचं शहागंजात चष्म्यांचं दुकान. त्यानं भिंग पुसून दिलं, तिपाईचा ढिला स्क्रू आवळला आणि डोळा लावून बघितलं. "काका, झूम निम्म्यावरच ठेवा. ज्यादा लालच नको. फिर देखो, एकदम साफ!" वैजनाथरावांनी लालच सोडली आणि दुर्बीण खरंच गुणी निघाली.

तिनं त्यांना तुरुमती दाखवली. सातारा डोंगराच्या बाजूला एक मोबाइल टॉवर, त्यावर कावळ्याचं जुनं घरटं, आणि त्यात हा तांबड्या डोक्याचा छोटा ससाणा बिनभाड्यानं राहायला आलेला. घरट्यात एक पिल्लू होतं. त्या कापसाच्या गोळ्याला पिसं फुटताना वैजनाथरावांनी रोज बघितली, आणि त्याची पहिली झेप आपण बघायचीच, असं ठरवून टाकलं. "उभा जन्म फायलीत डोकं घालून काढला," ते तौफिकला म्हणाले. "आता एवढी एक गोष्ट डोळे भरून बघायची."

अडचण पाण्याची होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. त्या भागात नळ अजून पोचला नव्हता, इमारती मात्र कधीच पोचल्या होत्या. सोसायटी टँकरवर जगायची. टँकर बायपासवरून आत वळला की कुणीतरी धावत जाऊन कोपऱ्यावर त्याच्यापुढं उभं राहायचं, अशी रीतच पडली होती. तिथं माणूस दिसला नाही की ड्रायव्हर समोरच्या बांधकामावर पाणी ओतून मोकळा. दुर्बीण वैजनाथरावांकडं, म्हणून टेहळणीही आणि धावणंही त्यांच्याकडं आलं. ठराव एकमतानं झाला. विरोध करायला वैजनाथराव सभेत नव्हतेच, ते गच्चीवर होते.

एका सकाळी पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन पंख फडफडवू लागलं. दुर्बिणीचं तोंड बायपासकडं असायला हवं होतं, ते टॉवरकडं होतं. टँकर आला, कोपऱ्यावर हॉर्न वाजवला आणि सरळ बांधकामावर गेला. पिल्लू काही उडालं नाही. खालून अंबिकाबाईंचा आवाज मात्र आला. "अहो, टँकर गेला की! आता तुमच्या त्या पाखरालाच सांगा भांडी घासायला!"

बांधकाम पाण्यावाचून अडून पडलं होतं. त्या पाण्यावर त्यांनी लगेच स्लॅब टाकला आणि वरच्या मजल्याच्या फळ्या चढू लागल्या. वैजनाथरावांनी गच्चीवरून नजर लावून बघितलं. ती इमारत बरोबर गच्ची आणि टॉवर यांच्या मधे होती. आणखी एक स्लॅब पडला की घरटं झाकलं जाणार. घरटं बघत बसावं, तर टँकर तिकडं जाणार आणि स्लॅब पडणार. टँकर अडवायला जावं, तर घरटं कोण बघणार?

"तू बघ ना," त्यांनी बायकोला गळ घातली.

"मला नाय जमत. एक डोळा मिटला की दुसरा आपोआप मिटतो माझा."

पुढच्या टँकरच्या दिवशी पिल्लू सकाळपासून काठावर होतं. वैजनाथराव दुर्बीण कधी इकडं, कधी तिकडं फिरवत होते. बायपासवर टँकर दिसला. तरी जाता जाता त्यांनी टॉवरकडं एक नजर टाकलीच. पिल्लू पुढं झुकलं होतं, वारा सुटला होता, तिपाई डुलत होती. त्यांचा पाय निघेना. पण खाली रांगेनं मांडलेल्या घागरी, ड्रम, बादल्या दिसत होत्या.

"अंबिका, तिपाई धर!" गच्चीवरच्या टाकीत डोकावून बघणाऱ्या बायकोला एवढं ओरडून ते जिने उतरले. कोपऱ्यावर दोन्ही हात पसरून टँकरपुढं असे उभे राहिले की पाइप ओढत आलेल्या तौफिकला हसू आवरेना. "काका, हात खाली घ्या! रुक गया वो!"

पाइप जोडताना भिजून ते वर आले, तर अंबिकाबाई एका डोळ्यावर तळहात दाबून दुर्बिणीला चिकटलेल्या.

"उडालं?"

"उडालं."

वैजनाथराव टाकीला टेकून खालीच बसले. त्यांना वाईट वाटलं, खेळणं हरवलेल्या पोराला वाटावं तसं वाईट वाटलं.

"लई घाबरलं होतं हो," अंबिकाबाई सांगू लागल्या. "दोनदा पाय पुढं टाकला, मागं घेतला. आई बाजूच्या लोखंडावर बसून नुसती बघतेय. मग एकदम पडलंच की खाली! ओरडले मी इथनं, अगं बाई, पंख उघड! आणि उघडले त्यानं. डोंगराकडं गेलं सरळ." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोचा असा चेहरा वैजनाथरावांनी कधी बघितला नव्हता. ते बघतच राहिले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

अंबिकाबाईंनी सांगितलं. या खेपेला पिल्लानं तीनदा पाय मागं घेतला. मग पदरानं डोळे पुसून त्या त्यांच्याशेजारी टेकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तो दुसरा डोळा कधी मागवायचा?"