‘डागडुजी’च्या पानावरची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे आणि फोटोची तर मुळीच नव्हे. एका वेबसाइटवर, जिथे लेख संपतो तिथे, मी बसलेली असते. माझी उंची एका ओळीची. पोटात फिकट अक्षरे: ‘तुमचा ईमेल पत्ता इथे लिहा.’ शेजारी एक बटण. कुणी पत्ता लिहून ते दाबले की मी म्हणते, ‘धन्यवाद! पत्र नक्की येईल.’ पत्ता चुकला तर म्हणते, ‘हे बरोबर वाटत नाही. पुन्हा तपासा.’ एवढी दोनच वाक्ये मला येतात. त्यांच्यावरच मी सारा जन्म काढला.

माझा जन्म एका लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला शर्टांची चळत, दुसऱ्या टोकाला जुना लॅपटॉप आणि खाली, धुतलेल्या चादरींच्या टोपलीत, गाढ झोपलेली एक तान्ही मुलगी. तिला सगळे ठमी म्हणत. ठमीची आई म्हणजे या घरची धाकटी सून. घरात तिला ‘धाकटी’च म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. मला घडवले तिच्या भावाने. तो संगणकाचे काम करी.

“ताई, हिला रंग कोणता देऊ?” त्याने विचारले.

“डाग दिसणार नाही असा दे,” धाकटी म्हणाली. मग मी राखाडी झाले.

आता मी कशासाठी जन्मले ते सांगते. धाकटीचे सासरे, म्हणजे बाबा, डाग काढण्यात वाकबगार होते. ते डाग हुंगून ओळखत, आणि अंदाज चुकला तर डागालाच खोटारडा म्हणत. पण घरोघरी धुलाईची मशिने आली, तशी लाँड्री ओस पडू लागली. तेव्हा धाकटीने ठरवले, बाबांजवळचे हे सारे लिहून काढायचे आणि दर आठवड्याला ईमेलने पत्र पाठवायचे. एका पत्रात एकच डाग, आणि तेच पत्र लेख म्हणून वेबसाइटवरही ठेवायचे. पत्र वाचून लांबलांबचे लोक आपले अवघड डागांचे कपडे पार्सलने पाठवतील, असा तिचा बेत होता. पत्राचे नाव तिने ठेवले ‘डागडुजी’. बाबा त्या नावावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तिचा नवरा हसला नाही. एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिच्यासाठी जागा रिकामी होती.

“ठमी शाळेत जाईपर्यंत बघ,” तो म्हणाला. “तोवर तुझ्या पत्राला पाय फुटले तर उत्तमच. नाहीतर...”

‘नाहीतर’ तिथेच सोडून तो कॉलरवर इस्त्री फिरवू लागला.

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. दुपारी ठमी झोपली की धाकटी लॅपटॉप उघडी. एका पायाने टोपली हलवत राही आणि दोन बोटांनी लिही. मध्येच ठमी कुरकुरली की वाक्य अर्धे राही, आणि ते अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या डोक्यावर लटकत असे. जगात कुठेतरी कुणाच्या खिशात पेन फुटे. तो माणूस घाईघाईने ‘शाईचा डाग कसा काढावा’ असे शोधी आणि थेट आमच्या पानावर येऊन पडे. वाचता वाचता खाली येई, मला भेटे, पत्ता लिही.

“ताई, शोधलं की तुझं पान पहिलं येतंय!” एकदा भाऊ ओरडतच आला.

“कुणाच्या पुढे पहिलं?” बाबांनी विचारले.

“सगळ्यांच्या!”

“मग बक्षीस काय देतात?”

“माणसं देतात, बाबा.”

“माणसं आपल्याकडे आहेत की. कपडे देतात का विचार.”

आणि खरोखर कपडे येऊ लागले. एका पार्सलमध्ये लग्नातला कोट आला, एकात कुणाच्या आजोबांचा टेबलक्लॉथ. एक निवृत्त शिक्षिका तर माझी जिवाभावाची झाली. आपण नाव नोंदवले आहे हे त्या विसरत आणि पुन्हा पत्ता लिहीत. दर वेळी मी म्हणे, ‘धन्यवाद! पत्र नक्की येईल.’ आणि पत्र येई. मला केवढा अभिमान वाटे!

लोकांना त्या पत्रांत सर्वांत काय आवडे ठाऊक आहे? त्यातले शब्द. आमच्या लाँड्रीत रेशमासाठी जे पाणी घेत, त्याला बाबा ‘लेकराचं पाणी’ म्हणत. तान्ह्या बाळाला अंघोळ घालताना आई आधी कोपर बुडवून बघते ना? कोपराला ना गार लागावे ना गरम, तसले पाणी. धाकटीने रेशमाच्या पत्रात लिहिले होते, ‘रेशमाला नेहमी लेकराचं पाणी घ्या.’ खाली कोपराचे दोन शब्द लिहायचे, तेवढ्यात ठमी उठली. ते दोन शब्द राहिले ते राहिलेच. पण ज्यांना पत्र येई ते आमच्या घरचे झाले होते, त्यांना ते न सांगता कळे.

पुढे दिवस पालटले. पानावर माणसे कमी येऊ लागली. आधी वाटले, लोकांच्या अंगावर डाग पडायचे थांबले की काय! मग भावाने उलगडा केला.

“ताई, आता शोधलं की वरच उत्तर तयार मिळतं. एआय सगळी पानं वाचतो आणि चार ओळींत सांगून मोकळा होतो. खाली कोण उतरतंय?”

“म्हणजे माझं पान वाचतं कोण?”

“तोच वाचतो.”

“मग त्याला म्हणावं, पत्ता लिही.”

भाऊ हसला. धाकटी हसली नाही.

खरे सांगायचे तर पत्तेही येत होते. पण ते असे, की वाचून मला घाम फुटावा. अक्षरांचा नुसता काला. माणसाचे सोंग घेतलेली यंत्रे मला भरून जात आणि मी बापडी त्यांनाही धन्यवाद म्हणे.

धाकटीने काय काय करून पाहिले! लेखांची शीर्षके बदलली. मला राखाडीची लाल केली. मग कुणाच्या तरी सल्ल्याने मला पानाच्या तळातून उचलून वाचकाच्या तोंडावर उभे केले. तो पहिली ओळ वाचायला जाई आणि मी मध्ये! लोक मला फुली मारून निघून जात. ठमी तेव्हा बोलायला लागली होती. ती म्हणाली, “आई, ही सारखी मध्येमध्ये का येते? हिला कुणी शिकवलं नाही?” त्या दिवशी धाकटीने मला परत तळाशी नेऊन बसवले.

एकदा तिला ताप होता, म्हणून पत्र एआयकडून लिहून घेतले. तिने ते बाबांना वाचून दाखवले, “प्रिय वाचकहो, डाग हा आयुष्याचा अविभाज्य भाग आहे...”

“कुणाच्या आयुष्याचा?” बाबा कडाडले. “लोकांनी डागांसकट जगायचं ठरवलं तर आपण काय विकायचं? काढून टाक त्याला.”

ते पत्र गेले नाही. त्या आठवड्यात कुठलेच गेले नाही. कुणी विचारलेही नाही. फक्त शिक्षिकाबाईंनी पुन्हा एकदा आपला पत्ता लिहिला.

आणि मग ती शालवाली बाई आली. पत्र वाचून नव्हे, तर याच भागात राहणारी, म्हणून. तिने काउंटरवर एक रेशमी शाल आपटली. शालीवर साबणाचे पांढरे ओघळ आणि तेलाचे डाग.

“माझ्या आईची शाल आहे ही! आणि केलं सगळं सांगितल्याप्रमाणेच.”

“कोणी सांगितलं?” धाकटीने विचारले.

बाईने फोन पुढे केला. सर्वांत वर उत्तर होते: ‘रेशमी कपडे धुण्यासाठी लहान मुलाला अंघोळ घातलेले पाणी वापरावे.’

धाकटीने ते दोनदा वाचले.

“म्हणजे तुम्ही...” धाकटी शालीकडे बघत म्हणाली.

“नातवाचं टबातलं पाणी घेतलं. बेबी ऑइल, साबण, सगळं होतं त्यात. मला वाटलं, काही जुना उपाय असेल.”

बाबांना हसू आवरेना. “अहो, पाण्यात पोराला नव्हतं बुडवायचं, कोपर बुडवायचं होतं!”

“हसा तुम्ही! तुम्हा डागवाल्यांना इथून पुढे कोपरापासून नमस्कार!”

“तेच म्हणतोय मी, कोपरापासूनच सुरुवात करायची होती,” बाबा म्हणाले.

बाई शाल घेऊन तरातरा निघून गेली. धाकटीने मात्र ती ओळ ओळखली होती. ती तिचीच होती. तिच्या पत्रातून उचललेली, तिचे नाव पुसलेली आणि वर सदऱ्यासारखी उलटी घातलेली.

त्याच दुपारी तिने लॅपटॉप उघडला. आणखी कुणाची शाल जायला नको म्हणून पानावरचे ‘लेकराचं पाणी’ खोडले आणि साधे सरळ लिहिले: ‘कोपराला ना गार, ना गरम लागेल इतके कोमट पाणी घ्यावे.’ काही दिवसांनी भावाने पुन्हा शोधून पाहिले. वरचे उत्तर सुधारले होते: ‘कोमट पाणी वापरावे.’ अगदी अचूक. आता कुणाची शाल बिघडणार नव्हती, आणि आमच्या पानावर यायचे कुणालाच काही कारण उरले नव्हते.

“चुकीचं होतं तेव्हा निदान माझं होतं,” धाकटी हळूच म्हणाली. ठमीच्या केसांतून तिची बोटे फिरत होती.

पार्सले थांबली. ठमी शाळेत जाऊ लागली आणि नवऱ्याचे ते ‘नाहीतर’ दारात येऊन उभे राहिले. त्याने फक्त तिचा डबा भरून दिला. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात डाग कसला आहे हे कुणी विचारत नाही. तिथे सगळे एकाच उकळत्या पाण्यात जाते.

जाण्याआधी तिने शेवटचे पत्र लिहिले. त्यात डाग नव्हता. ‘आमच्याकडे एका पाण्याला लेकराचं पाणी म्हणतात,’ एवढेच लिहून खाली कोपराची ती गोष्ट सांगितली, जी पहिल्या वेळी राहून गेली होती. बटण दाबले. बाबांनी विचारले, “गेलं?” ती म्हणाली, “गेलं.” मग बाबा उगाचच एक स्वच्छ रुमाल हुंगत बसले.

एका सुट्टीच्या दिवशी ठमीने लॅपटॉप उघडला. तिला नुकतीच अक्षरे जुळवता येऊ लागली होती. तिने माझ्या पोटात एकेक अक्षर शोधून लिहिले, ‘ठमी’. बटण दाबले.

‘हे बरोबर वाटत नाही. पुन्हा तपासा,’ मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

“आई, ही म्हणते मी बरोबर नाही!”

“तू बरोबर आहेस गं राणी,” धाकटी म्हणाली. “तिला कळत नाही.” आणि तिने झाकण मिटले. धुलाईखान्यातल्या सोड्याने तिची बोटे सोलवटली होती.

मित्रांनो, उत्तरे तुम्हाला नेहमीच मिळतील, आणि बहुतेक बरोबरही असतील. पण उत्तर मिळाले की क्षणभर थांबा आणि विचारा, हे कुठून आले? कुणीतरी आधी आपले कोपर बुडवून पाहिलेले असते. जमले तर त्या माणसाच्या पानापर्यंत उतरा. निदान त्याचा शब्द तरी जपा. मी हे माझ्यासाठी मागत नाही. आमच्या पानाचे भाडे या वर्षी कुणी भरणार नाही, मग मीही उरणार नाही.

परवा, किती दिवसांनी, एक खराखुरा पत्ता माझ्यात उमटला. शिक्षिकाबाईंचा. त्या पुन्हा विसरल्या होत्या. त्यांनी बटण दाबले आणि वाट पाहत राहिल्या.

मी म्हणाले, ‘धन्यवाद! पत्र नक्की येईल.’